डोमाभाऊंची पाठ

आमच्या टोल्यावर, म्हणजे जंगलाकाठच्या वस्तीवर, डोमाभाऊ पेंटरची पाठ पाहिलेला माणूस नाही. त्यांना पाठ असावी असा सगळ्यांचा समज आहे, पण पुरावा कुणाकडे नाही. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात ते येतात ते सरळ, चारचौघांसारखे. जातात मात्र उलटे. काम झालं की माझ्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागे टाकत दारापर्यंत जातात, हाताने चौकट चाचपतात, पायरी उतरतात आणि भिंतीला पाठ घाशीत शेजारच्या आपल्या घरात शिरतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा माणूस दुकानदाराला देव मानतो. सुरुवातीला मलाही तसंच वाटलं होतं आणि थोडं बरंही वाटलं होतं. मग एकदा त्यांनी मागे सरकताना माझी पाण्याची बादली लवंडली, नंतर एका गिऱ्हाइकाची सायकल पाडली आणि शेवटी बाकावर बसलेल्या सरपंचांच्या मांडीवर जाऊन बसले. त्या दिवशी मी विचारलंच, "भाऊ, असे उलटे काऊन चालता?"

"समोरचं त दिसते जी," ते म्हणाले. "मांगचं काय?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी सांगावं, पोरीला चांगलं स्थळ आलंय, पोरगा देखणा आहे, की भाऊ विचारणार, "समोरचं त दिसते जी, मांगचं काय?" गावात नवा रस्ता झाला, सगळे कौतुकाने पाहायला गेले, भाऊंनी तेच विचारलं. मी नवा मोबाईल घेतला तेव्हा त्यांनी तो हातात घेतला, पालथा केला आणि बराच वेळ त्याची पाठ तपासून परत दिला. पडदा पाहिलाच नाही.

एसटीत ते फक्त शेवटच्या सीटवर बसतात. ती रिकामी नसेल तर गाडी सोडून देतात आणि पुढच्या गाडीची वाट पाहतात. एका लग्नात मांडव मोकळ्या शेतात होता, टेकायला भिंत नाही, खांब नाही. भाऊंनी वऱ्हाडाच्या ट्रॅक्टरच्या चाकाला पाठ लावली आणि पंगत तिकडे वळवून घेतली. अंगाने काटकुळे, भुवयांत कायम पिवळी माती, आणि डोक्याला बारा महिने दुपट्टा. कपाळावर घट्ट आवळलेला, मागे मानेवर पडदा सोडल्यासारखा लोंबता. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात लोक अंगावरचं कातडं काढून ठेवायच्या विचारात असतात, तेव्हाही तो दुपट्टा तसाच.

धंदा म्हणाल तर मेलेल्या माणसांचे चेहरे. पूर्वी ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. राजाचा दरबार, घनदाट जंगल, सावकाराची माडी. छापील पडदे आले आणि भाऊ माणसांकडे वळले. घरात कुणी गेलं की लोक आधार कार्ड घेऊन माझ्याकडे येतात. मी त्यावरचा फोटो मोठा करून देतो. त्या फोटोत माणूस नुकताच चोरी करताना सापडल्यासारखा दिसतो. भाऊ तो घेऊन जातात आणि तेरवीच्या आत त्याचा पुन्हा माणूस करून आणतात.

तेही चार रंगांत. गेरू, पिवडीची पिवळी माती, नाल्याच्या दरडीची गर्द तपकिरी माती, आणि ब्रह्मपुरीहून आणलेली पांढऱ्या रंगाची एक ट्यूब. माती वाळवायची, फडक्यातून गाळायची आणि पाट्यावर जवसाच्या तेलात घोटायची. त्या पाट्यावर पूर्वी त्यांच्या पत्नी, पार्बताबाई, चटणी वाटायच्या. त्यामुळे भाऊंच्या घरात शिरलं की जवसाच्या वासाने भूक लागते आणि समोर मेलेला माणूस बघत असतो. काळा रंग ते वापरत नाहीत, कारण तेलातली काजळी आठ-आठ दिवस ओली राहते आणि तेरवी कुणासाठी थांबत नाही. तपकिरी माती मात्र एका रात्रीत वाळते. एकदा एकाने हट्ट धरला की बाबांचा शर्ट निळा पाहिजे. भाऊ म्हणाले, "चेहऱ्याले लागते तेवढंच मायाजवळ हाय. निळा पाहिजे त शर्टच टांगून टाका."

अशा माणसाला गावाने भ्यायचं नाही तर काय करायचं? भाऊंना कुणाकडेही एक डोळा मिटून पाहायची खोड आहे. त्यांनी असं पाहिलं की बायका पदर ओढून घरात पळतात. "डोमा माप घेऊन राह्यला," असं म्हणतात. रघोजी आजोबा तापाने फणफणून पडले होते, घरच्यांनी लेकींना निरोप धाडले होते. भाऊ माणुसकीने भेटायला गेले, भिंतीला टेकले आणि एक डोळा मिटून पाहत बसले. आजोबा उठून बसले, पेज मागितली आणि उन्हं उतरताना शेतावर गेले. आमच्या टोल्यावर डॉक्टर नाही, पण तशी अडचण पडत नाही.

एक गोष्ट मात्र गाव त्यांना माफ करत नसे. साऱ्या गावाचे चेहरे त्यांनी भिंतींवर चढवले, पण त्यांच्या स्वतःच्या घरात पार्बताबाईंचं चित्र नव्हतं. काही वर्षांपूर्वी मोहाची फुलं वेचताना वाघाने त्यांना नेलं. भाऊ त्याच झाडाखाली होते. ते उलटं चालणं तेव्हापासूनचं. पार्बताबाई माझ्या मायची जिवाची मैत्रीण, दोघींची मोहाची झाडं शेजारी. माय म्हणायची, "दगड हाय थो. दुनियाले रंगवते, आपल्या बायकोले मातीचा एक बोट नाई लावला."

यंदा मोह गळायला लागला आणि पुन्हा वाघ आला.

आधी शेततळ्याएवढ्या बोडीच्या चिखलात पंजा दिसला. मग एकाची गाय गेली. मग शेजारच्या गावात शेळ्या चारायला गेलेला माणूस गेला. आम्ही सगळे तिथे जाऊन आलो. मी पुढे गेलो नाही, पाहून परत येणाऱ्यांचे चेहरे तेवढे पाहिले, आणि मला पुरले. उगाच शूरपणा सांगत नाही, मला भीती वाटत होती. दिवस मावळायच्या आत दुकान बंद करायचो. मोटारसायकलचा हॉर्न दाबून धरूनच नाला ओलांडायचो. कुत्री घरात घेतली होती आणि ती खाटेखालून बाहेर यायला तयार नव्हती. सगळ्यांत वाईट म्हणजे पाचोळा. मार्चात आमच्याकडे पाचोळा आपोआपही वाजतो, आणि तो आपोआप वाजला की कुणी वाजवला, हे सांगता येत नाही.

मग बाहेरून दोन भली माणसं आली. त्यांनी सांगितलं, वाघ मागून येतो, समोर डोळे दिसले तर बिचकतो; म्हणून जंगलात जाताना डोक्याच्या मागे मुखवटा बांधा. प्लास्टिकचे मुखवटेही वाटले. सगळे एकाच माणसाचे. गाल गुलाबी, ओठावर बारीक मिशी. दुसऱ्या दिवशी गावातल्या बायका मागून एकसारख्या मिशीवाल्या दिसायला लागल्या. बैल बुजले. माझ्या मायने तो मुखवटा चुलीजवळ फेकला. "या वयात मले मिशी लावतं का?" हे मला, जणू मिशी मीच काढली होती.

भाऊ मात्र त्या दिवशी दुकानात आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. "पायलं का बाबू? मी का म्हनत होतो? मांगचं काय!" इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी गाव त्यांना हसलं, तीच गोष्ट शिकलेल्या माणसांनी माईकवरून सांगितली होती. मग त्यांनी मुखवटा हातात घेऊन एक डोळा मिटला आणि तोंड वाकडं केलं. "पन हे थोबाड चालाचं नाई. साऱ्यायले एकच! वाघ का येडा हाय? ज्याचा जीव, त्याचाच चेहरा पाहिजे. अन् तेलातलाच पाहिजे. पान्याचा रंग घामानं वाहून जाईन."

गावभर फिरून ते म्हणाले, मी काढून देतो, फुकट काढून देतो, नुसतं समोर बसा. कुणी बसेना. मागे वाघ परवडला, पण समोर डोमाभाऊ नको, असं लोकांनी ठरवलं. जिवंतपणी ज्याचा चेहरा भाऊंनी काढला त्याला हार घालायला कितीसा वेळ?

इकडे माझी माय रोज मोहाला जातच होती. मी हात जोडले, ओरडलो. काही उपयोग नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून ते झाड ती वेचते आहे. "फुल गळून राह्यलं अन् मी घरी बसू? झाड का म्हनन?" शेवटी मी अट घातली, एक तर घरी राहा, नाही तर भाऊंसमोर बस. ती तयार झाली, पण काठी घेऊन बसली.

भाऊ आमच्या ओसरीच्या भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसले. समोर पाट. त्यावर जुन्या नाटकाच्या पडद्याचा तुकडा ठोकलेला. एका बाजूला जंगलाची हिरवी पानं, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर माय उतरू लागली.

"हासू नका बाई," भाऊ म्हणाले. "वाघाले वाटन, बोलावून राह्यली. रागानं पाहा."

"रागानंच पाहून राह्यली!"

"हाव. असंच."

आधी तपकिरीने डोळ्यांच्या खाचा, नाकाची बाजू, हनुवटीखालची सावली. मग गेरू आणि पिवडी बोटाने एकमेकांत मिसळून गाल. पांढरा अगदी थोडा, कपाळावर आणि डोळ्यांत. मायची चिडचिड चालूच होती. काळी काढली, नाक मोठं काढलं, कुंकू लाल काऊन नाई. भाऊ आपले डोळा मिटून पाहत होते, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की ते माप घेत नाहीत. एखादी गोष्ट हातातून सुटू नये म्हणून धरून ठेवावी, तसं पाहतात.

चित्र झालं तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो. तो राग माझ्या ओळखीचा होता. लहानपणी आंबे चोरून आलो की दारात हाच चेहरा उभा असायचा. मायने मात्र चित्राच्या गालाजवळ बोट नेलं. "असी दिसते का मी?" तिने हळूच विचारलं.

"असेच दिसता बाई."

"चांगली काढली गा." मग तिचा आवाज बदलला. "मंग पार्बताचाच फोटो काऊन नाई काढला? एक बी चेहरा नाई तिचा तुया घरी."

भाऊंनी ब्रश तेलात बुडवला, फडक्याला पुसला, पुन्हा बुडवला. "तिले मी टांगत नाई, बाई," एवढंच म्हणाले, आणि पाट उचलून उलटे उलटे अंगणाबाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायकांचा घोळका निघाला. डबा बडवायला मी. आपला चेहरा कसं काम करतो ते पाहायला भाऊही आले आणि मोहाच्या बुंध्याला पाठ लावून उभे राहिले. हवेत मोहाचा गोड, जड वास. फुलं टपटप पडत होती. मायने तो चेहरा इलॅस्टिकने डोक्यामागे बांधला. मागून पाहिलं तर साक्षात ती उलटी चालत जंगलाकडे बघत होती. इतर बायका थबकून पाहत राहिल्या. भाऊंची छाती फुगली.

मग माय फुलं वेचायला वाकली आणि तो चेहरा, आपल्या सगळ्या रागासकट, थेट आभाळाकडे बघायला लागला.

मोह कुणी उभ्याने वेचत नाही. सकाळभर वाकून राहावं लागतं. हे आम्हाला सगळ्यांना जन्मापासून ठाऊक होतं आणि एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मुखवटे वाटणाऱ्यांच्या नाही, माझ्या नाही, भाऊंच्या नाही. वरून एखादी घार आली असती तर मायला पाहून नक्की पळाली असती. वाघाला मात्र दिसणार होतं ते भलतंच.

भाऊंचा चेहरा पडला. ते बुंध्याला घासत घासत मायच्या मागे आले, उकिडवे बसले, एक डोळा मिटला. त्यांना त्यात गंमत दिसत नव्हती. पुष्कळ विचार करून ते गंभीरपणे म्हणाले, "चेहरा चुकीच्या जागी हाय, बाई. वाकल्यावर जे मांगं येते ना, तिथी पाहिजे."

मग बायका जमिनीवर लोळायच्या बाकी राहिल्या. मायने भरलेली टोपली भाऊंच्या दिशेने फेकली. फुलं उधळली. "थांब, दाखवतो तुले जागा!" भाऊ दोन्ही हात जोडत, झाडाझाडाला पाठ लावत गावाकडे पळाले.

आम्ही हसतच होतो, तेवढ्यात जवळच चितळ ओरडलं. एकदा, पुन्हा एकदा, मग सारखंच. हसू थांबलं. वर माकडं खाकरू लागली. टोपल्या टाकून आम्ही गावाकडे निघालो. पळायचं नाही हे सगळ्यांना माहीत होतं, आणि पाय मात्र पळत होते. दुपारी जंगलखात्याच्या गार्डला घेऊन आम्ही परत गेलो. मायच्या झाडाखाली, झाडून साफ केलेल्या जागेत पंजा उमटला होता. तिच्या उधळलेल्या फुलांवरच. माय जिथे वाकली होती त्या जागेच्या मागे, चार हातांवर.

म्हणजे वेडे भाऊ बरोबर बोलले होते. वाघाने मायची ती बाजू पाहिली होती जिला चेहरा नव्हता.

मला वाटलं, आता तरी ती घरी बसेल. पण सकाळी टोपली घेऊन ती दारात उभी. टोपली वाजत होती. "भेव लागते रे," ती म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. "पन आज नाई गेली त पुन्हा कधीच नाई जानार." मी डबा घेतला आणि तिच्यामागे निघालो. बाकी कुणी आलं नाही.

झाडाजवळ भाऊ आमच्या आधी येऊन उभे होते. बुंध्यापासून लांब, झाड आणि जंगल यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, कशालाही न टेकता. तोंड आमच्याकडे. त्यांची पँट पोटरीपाशी लटलट हलत होती. वारा नव्हता.

"तुमी वेचा बाई," ते म्हणाले. "मी तिकडं पाहतो. खरा चेहरा पाहिजे त्याले. उभा."

"त फिर ना तिकडं," माय म्हणाली.

भाऊ फिरेनात. म्हणाले, "फिरतो. पन तिकडंच पाहून भागत नाई. इकडंही पाह्यलं पाहिजे. हासाचं नाई, बाई." मग त्यांनी दुपट्ट्याची गाठ सोडली, तो डोक्यावरून काढून खांद्यावर टाकला आणि जंगलाकडे तोंड केलं.

त्यांच्या डोक्याच्या मागे पार्बताबाई होत्या.

पडद्याच्या कापडाचा तेवढाच तुकडा, नाड्यांनी बांधलेला. गेरू, पिवडी, तपकिरी. गालांवरच्या रंगाला भेगा गेलेल्या, कडा घामाने काळवंडलेल्या. नाकात पांढऱ्या ठिपक्याची चमकी. पार्बताबाई हसायच्या आधी ओठ असे दाबायच्या, हे मी विसरून गेलो होतो. डोळे मात्र नवे होते. दुपट्ट्याने घासून पुसट व्हायचे आणि भाऊ ते पुन्हा पुन्हा काढायचे, हे कुणी सांगायला नको होतं. डोळ्यांतलं तेल अजून ओलं होतं. इतकी वर्षं त्या आमच्या दुकानात येत होत्या, पंगतीत बसत होत्या, एसटीने ब्रह्मपुरीला जात होत्या, आणि आम्ही म्हणत होतो, घरात चित्र नाही.

मायने तोंडावर हात ठेवला. मला दुकानातली बादली आठवली आणि फार लाज वाटली.

"तवा मी बी वाकून होतो बाई," भाऊ जंगलाकडे पाहत म्हणाले. "तिची पाठ मायाकडं, मायी पाठ तिच्याकडं. दोघातल्या एकानं जरी पाह्यलं असतं..."

आत कुठेतरी पाचोळा वाजला. आपोआप की कुणी वाजवला, ते कळलं नाही. भाऊ जागचे हलले नाहीत. माझ्या हातातला डबा मी बडवायला विसरलो होतो.

मायने डोळे पुसले, पदर खोचला, टोपली खाली ठेवली आणि त्या चेहऱ्याकडे पाहिलं. रोज शेजारच्या झाडाखाली बोलायची त्याच आवाजात ती म्हणाली, "मी वेचतो व, पार्बता. तू पाहत राहजो."

आणि ती वाकली.

"पाहून राह्यली जी," डोमाभाऊ म्हणाले.